गाईच्या खुराकातलं प्रथिन किलोच्या भावात सांगा

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेतीच्या पानावर दुभत्या गाईंच्या खुराकातल्या पर्यायी प्रथिनांवरचा लेख वाचला. अझोला, शेवग्याचा पाला, इथेनॉल कारखान्यातली डीडीजीएस म्हणजे धान्याचा वाळवलेला चोथा, अळ्यांची पावडर, सगळं एकाच रांगेत बसवलंय आणि प्रत्येकापुढं अमुक टक्के प्रथिनं लिहून लेखकसाहेब मोकळे झाले. लेख वाईट नाही, पण आमच्या भूम तालुक्यात, जिथं घरटी दोन-चार संकरित गाई आहेत आणि गावोगाव खव्याच्या भट्ट्या आहेत, तिथल्या माणसाला हा लेख वाचून उद्या सकाळी गव्हाणीत नेमकं काय टाकायचं ते काही कळत नाही. म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, छापताना कापलं तरी चालेल, फक्त आकडे तेवढे कापू नका.

आधी अझोल्याचंच घेतो, कारण त्याच्यावर माझा राग जुना आहे. अझोल्यात २० ते २५ टक्के प्रथिनं असतात हे खरंय पण ते वाळवलेल्या अझोल्यात. ओल्या अझोल्यात ९३-९४ टक्के नुसतं पाणी असतंय. म्हणजे किलोभर ओला अझोला घेतला तर त्यात कोरडा माल साठ-सत्तर ग्रॅम आणि त्यातलं प्रथिन धरा १५ ग्रॅम. एक किलो सरकी पेंडीत २२० ग्रॅमच्या आसपास असतं. आता चारशे किलो वजनाची, दहा लिटर दूध देणारी गाय धरा, तिला ढोबळमानानं दिवसाला ११००-१२०० ग्रॅम प्रथिन लागतं, त्यातलं तीनशेच्या आसपास तिचं स्वतःचं शरीर चालवायला आणि बाकीचं दुधाच्या लिटरमागं ऐंशी-नव्वद ग्रॅमच्या हिशोबानं. सहा किलो कडब्यातून दोनशे ग्रॅम येतील, पंधरा किलो हिरव्या मक्यातून अडीचशे. राहिले सातशे. हे सातशे एकट्या अझोल्यातून काढायचे म्हणलं तर रोज ४५-५० किलो ओला अझोला लागंल, आणि एका चौरस मीटरमधून दिवसाला पाव किलो निघतो असं धरलं तर एका गाईमागं जवळजवळ दोन गुंठ्यांचं तळं झालं. आणि ते कुठं, तर मराठवाड्यात, मे महिन्यात, ४२ डिग्रीत, टँकरच्या पाण्यावर! ज्याच्याकडं पाणी आणि सावली आहे त्यानं कोंबड्यांना, वासरांना तोंडी लावायला जरूर करावा, माझं काही म्हणणं नाही, पण पेंडीला पर्याय म्हणून तो छापू नका हो, लोक खरंच खड्डे खांदतात.

माझं सगळं म्हणणं याच हिशोबाचं आहे. शेतकऱ्याला प्रथिनाचे टक्के सांगून उपयोग नाही, किलोभर प्रथिन कितीला पडलं ते सांगा. गणित सोपं आहे, किलोच्या भावाला प्रथिनाच्या टक्क्यांनी भागायचं आणि शंभरनं गुणायचं. समजा सरकी पेंड ३५ रुपये किलो आहे आणि प्रथिन २२ टक्के, तर प्रथिन पडलं १५९ रुपये किलो. सोयाबीनची डीओसी म्हणजे तेल काढलेली पेंड समजा ४० रुपये आणि प्रथिन ४५ टक्के, तर ८९ रुपये. म्हणजे पाच रुपयांनी महाग दिसणारी वस्तू खरं तर जवळपास अर्ध्या किमतीत पडली. हे भाव मी उदाहरणाला घेतलेत, ते रोज बदलतात, तुम्ही तुमच्या गावच्या दुकानातला टाका. दुकानदार हा हिशोब कधी सांगणार नाही कारण त्याला पोतं विकायचंय.

पण लगेच सरकी बंद करून सगळी डीओसी सुरू करू नका, तिथं एक मेख आहे. सरकी पेंडीत सहा-सात टक्के तेल राहिलेलं असतं, डीओसीतलं तेल सॉल्व्हंटनं काढून घेतलेलं असतं, एखादा टक्काच उरतं. डेअरीवाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफवर (म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घट्ट भाग) भाव काढतो आणि आमच्याकडं भट्टीवाला तर दुधाचा खवा किती पडतो त्यावरच बोलतो. सरकी एकदम तोडली की चार-आठ दिवसांत फॅट खाली आलेली दिसते आणि मग माणूस म्हणतो डीओसी बोगस आहे. डीओसी बोगस नसते, तुम्ही गाईचं तेल काढून घेतलेलं असतं, वरून बदलही एका रात्रीत केलेला असतो. कोठीपोटातल्या, म्हणजे गाईच्या पहिल्या मोठ्या पोटातल्या, जिवाणूंना नवीन खाद्य पचवायची सवय लागायला दहा-पंधरा दिवस जातात, तेवढ्या दिवसांत थोडं थोडं बदलत न्यायचं आणि सरकी निम्म्यावर आणून ठेवायची, अगदी शून्यावर नाही. खरं तर सरकी चांगलीच वस्तू आहे, फक्त लहान वासरांना देऊ नका, तिच्यातलं गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य मोठ्या गाईच्या कोठीपोटात बरंचसं निकामी होतं, वासरात होत नाही.

आता सोयाबीन. संपादक साहेब, मराठवाड्यात सोयाबीनवर बोलणं म्हणजे स्वतःच्याच जखमेवर बोलणं आहे. शंभर किलो सोयाबीन गाळलं तर अठरा किलोच्या आसपास तेल निघतं आणि ऐंशी-ब्याऐंशी किलो डीओसी. म्हणजे हे पीक तेलबिया म्हणून ओळखलं जात असलं तरी त्याचा भाव बराचसा पेंडीवर ठरतो. लातूरसारखी देशात नाव असलेली सोयाबीनची बाजारपेठ आपल्या दारात, प्लांट आपल्या दारात, आणि त्यातली पेंड बाहेरच्या पोल्ट्रीला, निर्यातीला जाते आणि आमच्या गाईला मात्र कुठल्या तरी कंपनीची गोळी पेंड येते जिच्यात नेमकं काय आहे ते देवाला माहीत. २०२१ च्या ऑगस्टमध्ये पोल्ट्रीवाल्यांनी ओरड केली म्हणून केंद्रानं १२ लाख टन जीएम, म्हणजे जनुक बदललेल्या सोयाबीनची, सोयापेंड आयात करायला परवानगी दिली होती, तेव्हा भाव पडले म्हणून आम्हीच ओरडलो. त्यानंतर इथेनॉल आलं. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसाच्या इथेनॉलवर बंधनं आली आणि डिस्टिलऱ्या मक्याकडं वळल्या, मक्यातून आणि तांदळातून इथेनॉल काढल्यावर जो चोथा राहतो तो वाळवून डीडीजीएस म्हणून विकतात, ती स्वस्त पडते, मग खाद्यवाले डीओसी कमी घेतात, मग डीओसी पडते, मग सोयाबीन पडतं. २०२५-२६ ला हमीभाव ५३२८ रुपये जाहीर झाला आणि बाजारात माल त्याच्या कितीतरी खाली गेला. आता ज्याच्याकडं सोयाबीन पण आहे आणि गाई पण आहेत त्यानं रडायचं का हसायचं? एका हातानं सोयाबीन पडेल भावात विकायचं आणि दुसऱ्या हातानं पोतं महाग घ्यायचं. मला वाटतं निदान गाईपुरतं तरी हे गणित आपल्या बाजूनं वळवता येतं. चार-पाच दूधवाल्यांनी मिळून डीओसीची गाडी सरळ प्लांटवरून आणली, मक्याचा भरडा घरचा, डाळीचा चुरा म्हणजे चुनी आपल्याच डाळमिलची आणि वरून खनिज मिश्रण, की निम्मं काम झालं.

भाव पडला की अजून एक प्रकार चालू होतो, तो म्हणजे कच्चं सोयाबीन भरडून थेट गाईला. २०२५ च्या सप्टेंबरात आमच्या भूम-परंड्यात जो पूर आला, त्यात गंजी भिजल्या, दाणे काळे पडले, मग व्यापारी घेईना म्हणून लोकांनी ते गव्हाणीत ओतलं. यात दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे अख्ख्या सोयाबीनमध्ये १८-२० टक्के तेल असतं, गाईच्या एकूण खाद्यात तेल सहा-सात टक्क्यांच्या वर गेलं की तंतू पचवणारे जिवाणू मार खातात, गाय रवंथ कमी करते आणि फॅट वाढायच्या ऐवजी घटते. म्हणून दिवसाला किलोच्या आसपासच, आणि भाजून दिलेलं बरं, वासरांना कच्चं नकोच. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. कच्च्या सोयाबीनमध्ये युरिएज नावाचं विकर असतं, ते युरियाचा लगेच अमोनिया करतं. ज्याच्या खुराकात युरिया आहे, कंपनीच्या पोत्यातून असो नाहीतर स्वतः घातलेला असो, त्यानं त्यात कच्चं सोयाबीन मिसळू नये, गाय तडफडून मरू शकते. आणि बुरशी लागलेला काळा दाणा तर कुणीच देऊ नये, पण पुराच्या वर्षी हे सांगायला गेलं तर लोक म्हणतात घरात माणसाला खायला नाही आणि तुम्ही गाईचं काय सांगता. त्यांचंही बरोबरच आहे.

बुरशीवरून डीडीजीएसकडं येतो. लेखात तिचं लई कौतुक केलंय. मक्याच्या डीडीजीएसमध्ये २६-३० टक्के प्रथिन असतं, तांदळाच्या डीडीजीएसमध्ये पंचेचाळीसपर्यंत जातं, भाव कमी, ऊर्जा पण देते, आणि तिच्यातल्या प्रथिनाचा बराचसा भाग कोठीपोटात न फुटता पुढं जातो हे जास्त दुधाच्या गाईला चांगलंच. हे सगळं मान्य. पण ती बनते कशी ते बघा. मक्यातल्या स्टार्चची दारू होते, स्टार्च म्हणजे दाण्याचा दोन तृतीयांश भाग, उरलेल्या एक तृतीयांशात प्रथिन गोळा होतं म्हणून ते तिप्पट दिसतं. तसंच मक्यात जे अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, असंल ते पण त्याच एक तृतीयांशात गोळा होतं, ते काही दारूबरोबर उडून जात नाही. परतीच्या पावसात भिजलेली मका कुठं जाते? माणूस खात नाही, पोल्ट्रीवाला नाकारतो, डिस्टिलरी घेते. मग तीच बुरशी तिप्पट होऊन पोत्यातून परत गोठ्यात. गाईच्या पोटात गेलेल्या अफ्लाटॉक्सिनचा थोडा भाग एम-वन होऊन दुधात उतरतो, आपल्याकडं दुधात त्याची मर्यादा किलोमागं अर्धा मायक्रोग्रॅम आहे, आणि दूध उकळलं तरी ते जात नाही. एफएसएसएआय या अन्न सुरक्षा संस्थेनं २०१८ मध्ये देशभर दुधाचे ६४३२ नमुने तपासले होते, त्यातल्या ३६८ मध्ये एम-वन मर्यादेच्या वर निघालं. पाण्याच्या भेसळीवर टीव्हीवाले घसा फोडतात आणि याच्यावर कुणी बोलत नाही. ते दुधात येतं खाद्यातून, म्हणजे शेवटी बोट आमच्याकडंच येणार, आणि आम्हाला तर पोत्यात काय आहे ते माहीतच नसतं. पशुखाद्यात अफ्लाटॉक्सिन बी-वनची मर्यादा बीआयएस या मानक संस्थेनं २० पीपीबी, म्हणजे किलोमागं २० मायक्रोग्रॅम, ठेवलीय, पण पोत्यावर बॅचचा रिपोर्ट कुठं असतो? मी तरी बघितला नाही. मागं एकदा सैल आलेली डीडीजीएस गावात वाटली, काळपट, जळका वास, लोकांनी स्वस्त म्हणून घेतली. जास्त तापलेल्या डीडीजीएसमधलं प्रथिन करपून बांधलं जातं, कागदावर टक्के तेवढेच दिसतात पण गाईला मिळत नाही. सोनेरी पिवळी असंल तरच घ्या, एवढं तरी डोळ्यानं कळतं.

आणि आता टक्क्यांचीच गोष्ट निघाली तर सगळ्यात मोठी गंमत सांगतो. पोत्यावर 'क्रूड प्रोटीन २० टक्के' लिहिलेलं असतं ना, ते प्रथिन कुणी मोजलेलं नसतंच. प्रयोगशाळेत नत्र मोजतात आणि त्याला ६.२५ नं गुणतात. युरियात ४६ टक्के नत्र, म्हणजे या हिशोबात एक किलो युरिया पावणेतीन किलोच्या वर 'प्रथिन' दाखवतो! २००८ मध्ये चीनमध्ये दुधात मेलामाइन हे नत्रवालं रसायन घातलं आणि लेकरं मेली, ती लबाडी याच मोजणीवर चालली होती. गाईच्या कोठीपोटातले जिवाणू थोड्या युरियाचं खरंच प्रथिन करू शकतात, त्यामुळं युरिया म्हणजे विषच असं मी म्हणणार नाही, पण त्याला सोबत धान्याची ऊर्जा लागते आणि प्रमाण लागतं. ते प्रमाण पोत्यात किती आहे हे लिहिणं कंपनीवर बंधनकारक करा की. ज्याला खरंच युरियाचा फायदा घ्यायचाय त्यानं भुसकटावर प्रक्रिया करावी, शंभर किलो भुसकट, चार किलो युरिया चाळीस-पन्नास लिटर पाण्यात विरघळवून शिंपडायचा, दाबून हवाबंद झाकून २१ दिवस ठेवायचं, देण्याआधी उघडून वास जाऊ द्यायचा. तीन-साडेतीन टक्क्यांचं भुसकट सात-आठपर्यंत जातं. सहा महिन्यांच्या आतल्या वासराला हे द्यायचं नाही. दुष्काळी वर्षात, शाळूचा कडबा सोन्याच्या भावात गेल्यावर, मला तरी हा उपाय अझोल्यापेक्षा शंभरपट खरा वाटतो, पण त्याचा फोटो चांगला येत नाही म्हणून कुणी त्यावर लिहीत नाही.

'बायपास प्रोटीन', म्हणजे कोठीपोटात न फुटता पुढं जाणारं प्रथिन, या नावाखाली दहा-बारा रुपये जादा लावलेली पोती पण आता निघालीत. दहा लिटरच्या आतल्या गाईला बहुतेक गरज जिवाणूंनी बनवलेल्या प्रथिनातूनच भागते, पंधरा-वीस लिटरच्या पुढं गेल्यावर बायपासचा उपयोग दिसतो. देवणी नाहीतर लालकंधारी गाय दारात असंल तर त्या पोत्याकडं बघू पण नका. उलट गरजेपेक्षा जास्त प्रथिन चारलं तर त्याचा युरिया होऊन रक्तात वाढतो, गाय उलटायला लागते, गाभण राहत नाही, आणि मग डॉक्टरची बिलं वेगळीच.

डाळमिलच्या चुनीबद्दल लेखात एक ओळ पण नव्हती याचं मला जास्त वाईट वाटलं. तूर आपली, डाळमिल आपल्या लातूर-उदगीर-जालन्यात, आणि तुरीची चुनी १५-१७ टक्के प्रथिनाची, गाय आवडीनं खाते. एवढंच की चुनी आणि नुसतं टरफल यात फरक आहे, टरफलात प्रथिन फार कमी, आणि दळून दोन्ही सारखंच दिसतं, तिथं फसवणूक होते. हातात घेऊन पाण्यात टाकलं की टरफल वर तरंगतं, कळतं थोडंफार. संभाजीनगरच्या एमआयडीसीकडचे लोक बिअर कंपन्यांतला बार्लीचा ओला चोथा नेतात, कोरड्या हिशोबानं त्यात २५ टक्क्यांच्या आसपास प्रथिन असतं, पण तीन चतुर्थांश पाणीच असल्यामुळं भाड्यातच जीव जातो आणि उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत आंबून बुरशी धरते. जवळ असंल तर घ्या, भूमला नाही परवडत. करडईची पेंड पूर्वी घरोघरी होती, परभणीच्या विद्यापीठानं 'परभणी कुसुम' सारखं वाण दिलं तरी काट्यांमुळं मजूर मिळत नाही आणि सोयाबीन-हरभऱ्यापुढं करडई हटत गेली.

हिरव्यात म्हणाल तर लसूणघासाला तोड नाही, पण त्याला पाणी बारमाही पाहिजे. कोरडवाहूला बांधावर शेवरी लावा, दशरथ घास लावा, मक्यात-ज्वारीत चवळी टाका. सुबाभूळ पण चालतंय, फक्त एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत ठेवा, त्यातल्या मिमोसिन नावाच्या विषारी घटकानं केस गळतात आणि गळ्याची ग्रंथी सुजते.

अळ्यांच्या पावडरचं काय बोलू. युरोपात २०२१ मध्ये कोंबड्या आणि डुकरांना किड्यांचं प्रथिन द्यायला मुभा मिळाली, गाई-म्हशींना तिथंही नाही, कारण ब्रिटनमध्ये १९८६ ला सापडलेला मॅड काऊ रोग गाईंना मांस-हाडांची पूड चारून पसरला होता हे ते विसरलेले नाहीत. तिथं जे गाईला चालत नाही ते इथं गाईच्या लेखात कशाला. शिवाय आमचा खवा कुंथलगिरीच्या पेढ्याला जातो, गाईला किडे चारतो म्हणून कळलं तर लोक पेढा तरी घेतील का?

तर मागणं दोन आहेत. एक सरकारकडं. परभणीला आणि उदगीरला दोन्हीकडं पशुवैद्यकीय कॉलेज आहेत, तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात खाद्याचा नमुना घ्या, तिथून तिकडं पाठवा आणि आठ दिवसांत प्रथिन, युरिया, अफ्लाटॉक्सिन असे तीन आकडे मोबाईलवर द्या, वाजवी फी घ्या, आम्ही भरू. विदर्भ-मराठवाडा दुग्धविकास प्रकल्पाचा दुसरा टप्पा चालू आहे, गाई वाटून, कडबाकुट्ट्या वाटून झाल्या की या तपासणीवर पण थोडे पैसे टाका. २०२४ मध्ये लिटरला पाच आणि मग सात रुपये अनुदान दिलं ते चांगलं झालं, पण खाद्य खोटं निघालं तर ते सात रुपये पोतंवाल्याच्याच खिशात जातात.

दुसरं मागणं तुमच्याकडं. तुमच्या बाजारभावाच्या पानावर लातूरचं सोयाबीन, जालन्याचा मोसंबी-मका, सोनं-चांदी सगळं रोज येतं. त्याच्याच खाली आठवड्यातून एकदा सरकी पेंड, सोया डीओसी, मका डीडीजीएस, तूर चुनी, शेंगदाणा पेंड यांचा भाव आणि पुढच्या रकान्यात एक किलो प्रथिन कितीला पडलं तो आकडा छापा. सोमवारी छापला तर बरं, आमच्याकडं पेंडीची खरेदी त्याच आठवड्यात बाजाराच्या दिवशी होते.

आपला,
एक दूध उत्पादक,
ता. भूम, जि. धाराशिव